इंत्रुज: मागून मोजायचा सण

मंडळी, कार्निव्हल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पणजीची मिरवणूक येते. चित्ररथ, मुखवटे, आणि ‘खा, पिये आनी मजा कर’ असं फर्मान काढणारा किंग मोमो. ही मिरवणूक १९६५ पासूनची. सण मात्र गोव्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याचं नाव इंत्रुज. पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’वरून आलेला हा शब्द मुळात लॅटिन ‘इन्त्रोइतुस’, म्हणजे प्रवेश. कशात प्रवेश? ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासात. ‘कार्निव्हल’ शब्दही तेच सांगतो: ‘कार्नेम लेवारे’, मांस बाजूला ठेवणे. ‘कार्ने वाले’, म्हणजे ‘मांसा, येतो आता’, ही फोड ऐकायला गोड आहे, पण ती मागाहून जुळवलेली.

सणाचा अर्थच पुढच्या उपवासात असल्यामुळे त्याची तारीख ईस्टरपासून मागे मोजत यावी लागते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या कोष्टकातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यातून ४६ दिवस वजा केले की राखेचा बुधवार, उपवासाचा पहिला दिवस. इथे हमखास चूक होते. उपवास चाळीस दिवसांचा म्हणून लोक ४० वजा करतात. पण मधल्या सहा रविवारी उपवास नसतो, ते धरून ४६. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला. म्हणून राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी आणि कार्निव्हल शनिवार १४ ते मंगळवार १७. हा मंगळवार ३ फेब्रुवारीच्या आधी येत नाही आणि ९ मार्चच्या पुढे जात नाही.

पंचांग उघडून बसलात तर आणखी एक गंमत दिसेल. हा मंगळवार नेहमी अमावास्येच्या आसपास पडतो, बहुधा माघ अमावास्येच्या. म्हणून २०२६ मध्ये महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी, थेट कार्निव्हलच्या रविवारी आली आणि होळी त्यानंतर पंधरवड्याने. मात्र हा मेळ दरवर्षी बसत नाही. आपला अधिक मास आणि चर्चचं कोष्टक यांची गणितं वेगळी. २०२४ मध्ये कार्निव्हल १३ फेब्रुवारीला संपला, महाशिवरात्र ८ मार्चला आली आणि होळी ऐन उपवासकाळात.

कार्निव्हल म्हणजे सॅटर्नेलिया या रोमन उत्सवाचा अवशेष, असं सर्रास लिहिलं जातं. सॅटर्नेलिया सुरू व्हायचा १७ डिसेंबरला. मालक-गुलामांची उलटापालट, मुखवटे, धिंगाणा यांत साम्य आहे, पण साम्यावरून वंशावळ ठरत नाही. मला स्वयंपाकघरातलं कारण जास्त पटतं. मध्ययुगीन उपवासात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं. घरात असेल ते संपवायला हवं. म्हणून इंग्लंडात त्या मंगळवारी पॅनकेक, पोलंडात आधीच्या गुरुवारी पाँच्की नावाचे तुपकट तळलेले गोड गोळे, आणि फ्रेंचांनी तर दिवसालाच ‘मार्दी ग्रा’, स्निग्ध मंगळवार, म्हटलं. लोण्यावाचून जीव तगमगणाऱ्यांना पैसे भरून सूट मिळे; फ्रान्समधल्या रूआंच्या कथीड्रलचा एक मनोरा त्या पैशांतून उभा राहिला, म्हणून तो ‘लोण्याचा मनोरा’.

गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला तो एन्त्रुदु, म्हणजे पाणी आणि पीठ एकमेकांच्या अंगावर फेकण्याचा खेळ. चित्ररथ शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा असे फिरतात, पण इंत्रुज बघायचा तर दक्षिण गोव्यातल्या साष्टीत जावं. तिथे पुरुषांच्या मंडळ्या वाद्यं घेऊन गावोगाव ‘खेळ’ करत फिरायच्या. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत आणि गावातल्या बड्यांची खिल्ली उडवत. खेळ-तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार त्यातूनच घडला. चांदरला सोमवारी मुसळ नाच असतो. हातात मुसळं, जमिनीवर ठेका, आणि नाचणारे ख्रिस्ती. गावाची परंपरा हा नाच विजयनगरच्या काळातल्या विजयाशी जोडते. धर्म बदलला तरी मुसळ सुटलं नाही, फक्त त्याला चर्चच्या पंचांगातला दिवस मिळाला.

मंगळवारी रात्री पणजीत ‘रेड अँड ब्लॅक’ नाच होतो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लागते. ही राख आधीच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या, वर्षभर वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली असते.