चंद्राला फेरी घालणाऱ्या यानाचा वेग

[दृश्य: खाली सरकत जाणारी चंद्रावरची विवरं]

चांद्रयान-१ नोव्हेंबर २००८मध्ये चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत स्थिरावलं. तिथं त्याचा वेग किती असेल? कागद-पेन्सिल पुरे आहे.

यानाचं वजन मात्र विचारू नका. चंद्राची ओढ आणि यानाला गोल फिरत ठेवायला लागणारं बल, ही दोन्ही समान मांडली की यानाचं वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं. पाच किलोचा उपग्रह असो की पाच टनांचं यान, त्या उंचीवर वेग एकच.

उरतात दोन आकडे. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक गुणिले चंद्राचं वस्तुमान: किलोमीटर आणि सेकंदांत मोजलं तर सुमारे ४,९०३. त्याला अंतरानं भागायचं. गफलत होते ती इथंच! अंतर १०० नाही. ते चंद्राच्या केंद्रापासून धरायचं. त्रिज्या १,७३७, त्यात १०० मिळवले, १,८३७. भागाकार २.६७, त्याचं वर्गमूळ १.६३.

सेकंदाला १.६३ किलोमीटर. ताशी जवळपास ५,९००. एक फेरी ११८ मिनिटांची.

[दृश्य: दोन कक्षा, एक आत, एक बाहेर]

मे २००९मध्ये चांद्रयान-१ची उंची २०० किलोमीटर केली. उंची दुप्पट, पण वेग सेकंदाला जेमतेम ४३ मीटरनं घटला, कारण केंद्रापासूनचं अंतर साडेपाच टक्केच वाढलं. आणि गंमत बघा: वर जाण्यासाठी इंजिन यानाला पुढेच ढकलतं, तरी वरच्या कक्षेत यान आधीपेक्षा हळू फिरतं. चढताना वेग खर्ची पडतो.

कक्षा लंबगोल असेल, तर वेग फेरीभर बदलत राहतो. २०२३मध्ये उतरण्यापूर्वी चांद्रयान-३चा लँडर विक्रम २५ बाय १३४ किलोमीटरच्या कक्षेत होता. खालच्या टोकाला वेग सेकंदाला १.६९ किलोमीटर, वरच्या टोकाला १.५९.

[दृश्य: चंद्राचा गुरुत्व-नकाशा]

हे सगळं गणित चंद्र एकसारखा गोळा आहे असं धरून केलंय. तो तसा नाही. त्याच्या मोठ्या सपाट मैदानांखाली जास्त घनतेचे पट्टे आहेत. १९६८मध्ये यानांच्या वेगातल्या बारीक चढउतारांवरूनच ते लक्षात आले. तिथून जाताना यान किंचित ओढलं जातं, आणि प्रत्येक फेरीत कक्षा थोडी बिघडते. अपोलो १६नं एप्रिल १९७२मध्ये साधारण १०० किलोमीटर उंचीवर एक छोटा उपग्रह सोडला होता. पाच आठवड्यांत तो चंद्रावर आदळला.