धर्माचा रकाना आणि समान नागरिकत्व

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू असताना हरि विष्णु कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. त्या सभागृहात आस्तिकांची वाण नव्हती. तरीही पूर्णिमा बॅनर्जी यांनी, ईश्वरावर मत देण्याच्या अवघड प्रसंगात सभासदांना टाकू नका, अशी कामतांना विनंती केली. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा होता. जी गोष्ट प्रत्येक माणसाच्या अंतर्यामाशी निगडित आहे, तिच्याबाबत समूहाचे मत व्यक्तीवर लादणे हे विचार, श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या त्याच उद्देशिकेशी विसंगत ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. कामतांनी मतविभागणीचा आग्रह धरला आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोधात मत देणारे ६८ जण नास्तिक होते असे कोणीही म्हणणार नाही. नास्तिकांच्या हक्कांचा इतिहास मी येथून सांगायला घेतो, कारण या हक्कांची बरीचशी राखण श्रद्धाळू माणसांनी केली आहे आणि ही गोष्ट आपल्याकडे दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात.

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे उदाहरण घ्या. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी १८८० मध्ये या उघड नास्तिकाला पार्लमेंटवर निवडून दिले. ईश्वराची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. मग त्यांनी शपथ घेण्याची तयारी दाखवली, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असे म्हणून तीही घेऊ दिली नाही. मतदार पुनःपुन्हा त्यांनाच निवडून देत राहिले आणि अखेर १८८६ मध्ये त्यांना आसन मिळाले. दोन वर्षांनी त्यांच्याच प्रयत्नाने झालेल्या कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. मात्र हा पर्याय इंग्लंडला नवा नव्हता. बायबलात शपथ वाहू नका असे सांगितले आहे म्हणून शपथ नाकारणाऱ्या क्वेकर पंथीयांना तो फार पूर्वीच मिळालेला होता. अतिशय धर्मनिष्ठ माणसांसाठी उघडलेल्या वाटेनेच नास्तिक आत आला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आले होते, तेही हिंदुस्थानची गाऱ्हाणी पार्लमेंटात मांडणारे सभासद म्हणून, आणि त्यांचे स्वागत करणाऱ्या हजारोंना त्यांच्या नास्तिक्याची अडचण वाटली नाही. आज आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत.

आपल्या न्यायालयांतही हेच दिसते. केरळमधील यहोवाज विटनेसेस पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेला निकाल तर मला याहून बोलका वाटतो. शासकीय राजपत्रात आपला 'कोणताही धर्म नाही' अशी नोंद व्हावी, हा तीन अर्जदारांचा अर्ज शासकीय मुद्रणालयाने नाकारला होता. हे अर्जदार येशू ख्रिस्ताला मानणारे होते. त्यांना ख्रिस्ती धर्माचे लेबल तेवढे नको होते. अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म नसल्याचे सांगण्याचा हक्क येतो आणि शासन कोणालाही धर्म सांगण्याची किंवा लिहिण्याची सक्ती करू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाला याच न्यायालयाने दिलासा दिला होता. शाळेच्या प्रार्थनेला ते हात जोडत नसत आणि त्यापायी त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली होती.

२०११ च्या जनगणनेत धर्म न नोंदवलेल्यांची संख्या २८ लाख ६७ हजारांहून अधिक होती. ते सगळे नास्तिक नव्हेत, आणि संख्येने हक्क ठरतही नाही, म्हणून या आकड्यापाशी मी थांबत नाही.

खरी अडचण कौटुंबिक कायद्यांत आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्याबरोबरच, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नसलेल्या इतरांनाही सामान्यतः लागू होतो. त्यामुळे हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्याच्या दृष्टीने हिंदूच राहतो आणि त्याचे फारसे काही अडत नाही. सभांतून नास्तिक्यावर निर्धास्त बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही सवलत ध्यानात ठेवलेली बरी. इस्लाम सोडलेल्या स्त्रीला ती नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, आणि वडिलांच्या मनात असले तरी इतर वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने तो सामान्यतः वाढवता येत नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा, अशी मागणी घेऊन केरळमधील एक महिला सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्या याचिकेची दखल घेतली. ज्याला विवाह निधर्मी पद्धतीने करायचा आहे, त्याच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. वारशासाठी मात्र, केवळ धर्म मानत नाही एवढ्या कारणावर, स्वतःहून निधर्मी कायदा निवडण्याची तशी सोय नाही. ती संसदेने करून द्यावी, आणि त्यासाठी सर्वांना एकच कायदा लागू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची आहे, आणि महाराष्ट्रात ती विशेष टोचते. अनुसूचित जातीतील तरुणाला धर्माचा रकाना मोकळा सोडावासा वाटला, तरी जात पडताळणीत तो अंगाशी येईल या धास्तीने तो घरातल्यांचाच धर्म लिहून टाकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची भाषा मात्र नीट वाचण्यासारखी आहे. हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून भिन्न धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे तो आदेश सांगतो. शीख धर्माचा समावेश त्यात १९५६ मध्ये आणि बौद्ध धर्माचा १९९० मध्ये झाला. जो कोणताच धर्म पाळत नाही, तो भिन्न धर्म पाळतो असे कसे म्हणता येईल? अस्पृश्यतेचा जाच ज्या कुटुंबाने पिढ्यानपिढ्या सोसला, त्यातील मुलाने देव मानणे सोडले म्हणून तो जाच पुसला जात नाही. हा अर्थ मला सरळ वाटतो. पण तहसील कार्यालयातील लिपिकाने तो स्वतःच्या जबाबदारीवर लावावा आणि अर्जदाराने त्यावर आपले शिक्षण व नोकरी पणाला लावावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. धर्म न लिहिल्याने जातीच्या दाखल्याला बाध येणार नाही, एवढे एका परिपत्रकाने राज्य शासनाला स्पष्ट करता येईल.