अपूर्णांक ऐकताना

चाळीसगावहून पाटणादेवीच्या वाटेला लागलं की कपाशीची शेतं मागे पडतात, डोंगर जवळ येतो. इथल्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असं त्यात कोरलंय. त्यातली 'लीलावती' ११५० ची, सगळी श्लोकबद्ध. गणित पाठ करायचं, कानाने धरून ठेवायचं.

याच तालुक्यातली ही मुलगी दहावीला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही.

आकडेमोड ती टेलर फ्रेमवर शिकली. पाटीला अष्टकोनी भोकं, त्यात बसणारे धातूचे छोटे खिळे. खिळ्याची दोन टोकं वेगळी आणि तो आठ दिशांना फिरतो, म्हणून खुणा सोळा. तिची बोटं इतक्या चटकन चालतात की बघत राहावं.

अडतं ते पुढे. हे ऐका: एक्स अधिक एक भागिले दोन. दोनाने भागायचं कशाला? नुसत्या एकाला, की अख्ख्या एक्स अधिक एकला? एक्स तीन धरा. एकदा उत्तर साडेतीन, एकदा दोन. डोळसांना ती आडवी रेघ सांगते. कानाला रेघ दिसत नाही.

मॅथएमएल या १९९८ सालच्या, गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत रेघेच्या वर काय, खाली काय, हे संगणकाला कळेल असं लिहिलेलं असतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ साली सुरू केला. तो फुकट मिळतो. त्याला मॅथकॅट या गणित वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची जोड असली की हेडफोनमधून येतं: "फ्रॅक्शन, एक्स प्लस वन, ओव्हर टू, एंड फ्रॅक्शन." ती सेमी इंग्रजीला आहे, शब्द ओळखीचे. 'एंड फ्रॅक्शन' ऐकू आलं की रेघ संपली. खालचा बाण दाबून ती अपूर्णांकाच्या आत शिरते, उजव्या बाणाने अंशावरून छेदावर जाते. पुन्हा मागे येते. कुणाला 'परत वाच ना' म्हणावं लागत नाही. आम्हाला सगळ्यात मोलाचं हेच वाटलं.

सरांनी टाइप करून पाठवलेली चार गणितं तिने तासाभरात सोडवली. पाचवं गणित म्हणजे पुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. हेडफोनमध्ये एकच शब्द येतो: "ग्राफिक."

ती बाण दाबून बघते. आत काहीच नाही.

"दादा, जरा येतोस का?"

दादा केळीला पाणी द्यायला गेलाय. संध्याकाळी येईल.