पांढरी सहाच्या जरा खाली

[दृश्य: मुलुंड पूर्व. चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरची खोली. सतरंजी, पेटी, टाळ, कोपऱ्यात लाकडी खोक्यातला अॅम्प्लिफायर.]

गुरुवारची संध्याकाळ, भजनी मंडळाचा सराव. पेटीवाल्या काकूंनी सूर धरलाय, बायका 'रामकृष्णहरी' म्हणायच्या बेतात आहेत, आणि तेवढ्यात स्पीकरमधून एक पुरुष बोलायला लागतो. आवाजाचे चढउतार कळतात, शब्द मात्र एकही नाही. तोंडात चूळ धरून बोलावं तसं. मिनिटभर चालतं, थांबतं, पुन्हा सुरू.

माईक बंद केला, तरी तो बोलतोच.

सगळ्या माना वर वळतात. कारण गच्चीवर अँटेनाची तार आहे, आणि ती कुणाची हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. चौथ्या मजल्यावरचे वायरलेसवाले काका. हौसेखातर दूरदूरच्यांशी वायरलेसवर बोलायचा, म्हणजे हौशी रेडिओचा किंवा 'हॅम'चा, केंद्र सरकारचा परवाना त्यांच्याकडे आहे. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. पास झालं की 'व्हीयू'ने सुरू होणारी स्वतःची खूण मिळते. पण सोसायटीच्या सभेत परवान्याला कोण विचारतं? तिथे तार दिसते, आणि दिसते ती गुन्हेगार.

[दृश्य: जुना बटणांचा मोबाईल, शेजारी कॉम्प्युटरचे स्पीकर.]

हा प्रकार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, फक्त विसरलोय. आठवा: टिडिक-टिडिक-टिडिक, मग एक लांब गुरगुर, आणि त्यानंतर फोन वाजायचा. फोन येतोय हे फोनच्या आधी स्पीकरला कळायचं.

टूजीचा फोन सलग बोलत नाही. एकाच लहरीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात, रेशनच्या रांगेसारखे. प्रत्येकाची पाळी साधारण 4.6 मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला 217 वेळा. पाळी आली की फोन लहर फेकतो आणि गप्प बसतो. ती लहर 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झची, आपल्या कानांच्या कितीतरी पलीकडची. पण तिचं ते 217 वेळा सुरू-बंद होणं कानांच्या टप्प्यात येतं. पेटीवर पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, दाबा. मंद्राकडच्या सप्तकात ती सेकंदाला 220 कंपनांनी बोलते. म्हणजे आपला मोबाईल वर्षानुवर्षं पांढरी सहाच्या जरा खाली, किंचित बेसूर, गात होता. फोरजी अशा तुकड्यांत बोलत नाही, म्हणून हल्लीच्या पोरांना 'टिडिक' म्हणजे काय ते सांगावं लागतं.

[दृश्य: अॅम्प्लिफायरचं झाकण काढलेलं. आत ट्रान्झिस्टर, मागून निघालेली लांब वायर.]

प्रश्न असा, की ज्यात रेडिओच नाही ते खोकं रेडिओ ऐकतं कसं?

रेडिओ व्हायला दोनच गोष्टी लागतात. एक तार, आणि वीज एकाच बाजूने सहज जाऊ देणारा सांधा. काकूंच्या खोलीत दोन्ही आहेत. अॅम्प्लिफायर दाराशी, स्पीकर देव्हाऱ्यापाशी, मधे भिंतीच्या कडेने नेलेली पाच-सव्वापाच मीटर वायर. काका बोलतात 14 मेगाहर्ट्झवर. त्या लहरीची लांबी सुमारे 21 मीटर, तिचा पाव भाग सव्वापाच. अँटेना बांधायला बसले असते तर याहून बरं माप सापडलं नसतं!

सांधा ट्रान्झिस्टरच्या पोटात असतो. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकावर रेडिओ लहर पकडण्याच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट मिळालं 1904 साली. त्यांनी जे मुद्दाम केलं, ते हा अॅम्प्लिफायर नकळत करतो. आलेल्या लहरीचा अर्धा भाग कापतो आणि उरलेल्याला गाणं समजून मोठं करतो. शब्द कळत नाहीत, कारण काकांच्या पद्धतीच्या प्रक्षेपणात मूळ वाहक लहर, म्हणजे आवाज जिच्यावर स्वार होतो ती, गाळलेली असते. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर ती शाबूत असते. मालाडच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ असं एखादं खोकं 558 किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी शब्दन् शब्द ऐकवू लागलं, तर मला नवल वाटणार नाही.

मनोऱ्याची ताकद हजारो वॅटची, टूजी फोनची जेमतेम दोन. तरी मुलुंडमध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन त्या मनोऱ्याला भारी पडतो. अंतर दुप्पट झालं की लहरीची तीव्रता चौथाईवर येते, त्यामुळे जवळचा दुबळाही दांडगा होतो.

[दृश्य: काका पायऱ्या उतरतात. हातात काळं कडं.]

भांडण मिटलं ते काका खाली आले तेव्हा. वर त्यांचा मुलगा रेडिओवर बोलत राहिला, खाली यांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. आवाज तसाच! म्हणजे चोर माईकच्या वायरीतून आलेला नाही, बटणाच्या पुढच्या बाजूने शिरलाय. मग स्पीकरची वायर उपटून तिथे हेडफोन लावला. चिडीचूप. शिक्का बसला.

औषध म्हणजे फेराइटचं कडं. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर फुगीर गाठ असते ना, तिच्या आत हेच असतं. काकांनी स्पीकरच्या दोन्ही तारा एकत्र धरून कड्यातून आठ वेळा फिरवल्या. गाण्याची वीज एका तारेतून जाते, दुसरीतून परतते, त्यामुळे दोघींचं चुंबकत्व एकमेकींना खाऊन टाकतं आणि कड्याला गाण्याचा पत्ताच लागत नाही. रेडिओ लहर दोन्ही तारांवर एकाच दिशेने चढते, म्हणून अडते तीच. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. आठ वेढे म्हणजे एकाच्या चौसष्टपट. काकूंनी तेवढ्यात उरलेली दीडेक मीटर वायर कापून टाकली, तेही बरंच झालं.

खरं तर हे कारखान्यातच व्हायला हवं. घरगुती उपकरणाने मीटरला 3 व्होल्टइतकं रेडिओ क्षेत्र सोसावं, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची नेहमीची कसोटी आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओळखीच्याने लाकडी खोक्यात जोडून दिलेल्या अॅम्प्लिफायरला ती कोण लावणार? खोकं पत्र्याचं असतं तरी थोडं भागलं असतं.

[दृश्य: रात्र. गणपतीचे दिवस, बाल्कनीत एलईडीच्या माळा. चौथ्या मजल्यावर रेडिओचा काटा.]

आता तक्रार वरून खाली येते. साडेसात वाजले की काकांच्या रेडिओत खरखर भरते. एलईडीच्या स्वस्त माळांचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा सुरू-बंद होतो, आणि बाल्कनीभर पसरलेली माळ त्याची अँटेना होते. लहरीचा जोर दाखवणारा काटा निम्म्यावर जाऊन बसतो, दूरचा बारीक आवाज त्याखाली गडप.

काका बाल्कनीतून वाकून हाक मारतात, "काकू, जरा माळ बंद करता का?"

"आरती होऊ दे हो."

काटा तिथेच. खालून टाळांचा आवाज येतो, स्पीकर साफ वाजतोय. काका खणातून दुसरं कडं काढतात.