मायग्रेशन अर्ध्यावर अडकतं तेव्हा

मित्रहो, मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली चालवणं, फसलं की बहुतेकांचा हात सवयीने तीच कमांड पुन्हा चालवायला जातो. माझी पहिली विनंती हीच, की तिथे थांबा. एरर वाचायची आहेच, पण तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या घडीला डेटाबेस नेमका कुठल्या अवस्थेत आहे?

याचं उत्तर तीन ठिकाणी शोधावं लागतं. एक, कोडमधल्या मायग्रेशनच्या फाइली. दोन, झालेल्या मायग्रेशनची नोंद ठेवणारं टेबल. जँगो, रेल्स, लाराव्हेल, फ्लायवे, मायग्रेशन चालवणाऱ्या या सगळ्या साधनांकडे असं एक टेबल असतं. आणि तीन, प्रत्यक्षातली टेबलं. ‘टेबल आधीच अस्तित्वात आहे’ अशी एरर आली, तर बहुधा डेटाबेस नोंदीच्या पुढे गेलाय. ‘असा कॉलमच नाही’ म्हणत असेल, तर बहुधा मागे राहिलाय. ही तफावत सापडली की अर्धं काम झालं.

ती पडते कशी? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाच्या रचनेतले बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ‘सगळं होईल किंवा काहीच नाही’ अशा गठ्ठ्यात, बसतात. मध्येच काही बिघडलं तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तसं नाही. तिथे असा प्रत्येक बदल झाल्या झाल्या कायम होतो. ८.० आवृत्तीपासून एकेक स्टेटमेंट, म्हणजे एकेक आज्ञा, अर्धवट राहत नाही हे खरं, पण संपूर्ण फाइलला ती हमी नाही. समजा एका फाइलमध्ये पाच बदल आहेत आणि तिसरा फसला. पहिले दोन होऊन बसले, नोंद मात्र झालीच नाही. आता पुन्हा चालवलंत तर पहिल्याच बदलावर अडकणार.

इथे जँगोवाले ‘फेक’चा पर्याय वापरतात, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. फेक फक्त नोंद करतं, टेबलाला हात लावत नाही. म्हणजे उरलेले तीन बदल कधीच होणार नाहीत आणि एरर पुढे कुठल्यातरी भलत्याच पानावर उगवेल. आधी ते दोन बदल हाताने मागे घ्या आणि मग फाइल दुरुस्त करून चालवा. नाहीतर उरलेले तीन हाताने पूर्ण करा आणि मगच फेक करा.

पोस्टग्रेसमध्येही एक खाच आहे. ‘कॉन्करंटली’, म्हणजे टेबलातलं लिहिणं न थांबवता, बनवलेला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) ट्रान्झॅक्शनबाहेर बनतो. तो फसला तर त्याच नावाचा अवैध इंडेक्स मागे उरतो. डेटा मागणाऱ्या क्वेरीला त्याचा उपयोग नसतो, पण प्रत्येक नव्या ओळीला त्याचा भार पडू शकतो. ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ (नसेल तरच बनव) लिहिलं असेल तर पुढच्या वेळी नाव पाहूनच काम झालं असं समजलं जातं. तो आधी काढून टाका.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एरर न येता सगळं ठप्प होणं. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक ‘अल्टर टेबल’ना, म्हणजे टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञांना, त्या टेबलाचं पूर्ण लॉक (इतर सगळ्यांना थांबवणारं कुलूप) लागतं. एखादी लांबलेली क्वेरी ते टेबल वापरत असेल तर अल्टर रांगेत उभं राहतं, आणि त्याच्यामागे साध्या सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचणाऱ्या क्वेरीही खोळंबतात. साइट बंद पडते. अशा वेळी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी ही पोस्टग्रेसमधली चालू कामांची यादी उघडा, कोण कोणाला अडवतंय ते पाहा. पुढच्या वेळी लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबण्याची मर्यादा, काही सेकंदांचा ठेवा. मायग्रेशन फसेल, पण ग्राहक अडकणार नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

रिकाम्या टेबलावर चालणारं मायग्रेशन भरलेल्या टेबलावर अडतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे नॉट नल, अर्थात कॉलम रिकामा चालणार नाही हे बंधन. जुन्या ओळींत ती किंमत नसतेच. म्हणून कॉलम आधी रिकामा चालेल असा जोडा, नवं कोड त्यात लिहू लागू दे, जुन्या ओळी थोड्या थोड्या भरा आणि शेवटी बंधन घाला. कॉलमचं नाव बदलतानाही हाच टप्प्याटप्प्याचा मार्ग, कारण डिप्लॉयच्या (नवं कोड सर्व्हरवर चढवण्याच्या) वेळी काही काळ जुनं आणि नवं कोड एकत्र चालत असतं.

आणि रोलबॅकबद्दल. कॉलम काढून टाकणारं मायग्रेशन उलटं फिरवलंत तर कॉलम परत येतो, त्यातला मजकूर येत नाही. तो फक्त बॅकअपमधून येतो. म्हणून काढण्याआधी तो बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर एकदा उतरवून पाहा, आणि त्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.