नेट गेलंय, पण नक्की कुठून?

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन असेल तर घेऊन बसा. आज थोडे आकडे येणार आहेत, आणि रेडिओवर ते फळ्यावर लिहून दाखवता येत नाहीत.

घरात नेट बंद पडलं की आपण राउटरचा स्विच बंद करतो, थोडं थांबतो, परत चालू करतो. नेट येतं. परवा पुन्हा जातं. या बंद-चालूवर माझा जरा राग आहे. त्याचा उपयोग होत नाही असं नाही, बरेचदा होतो. पण बिघाड कुठे होता याचा माग त्यात पुसला जातो. म्हणून स्विचला हात लावण्याआधी दोन मिनिटं काढून कॉम्प्युटरलाच विचारावं, बाबा रे, तुला कुठवर दिसतंय?

समजा घरात दोन कॉम्प्युटर आहेत. हॉलमध्ये डेस्कटॉप, राउटरला वायरने जोडलेला. आतल्या खोलीत लॅपटॉप, वाय-फायवर. लॅपटॉपवर मुलीचा क्लास सुरळीत चालू आहे आणि डेस्कटॉपवर काहीच उघडत नाही. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. एका मशीनवर नेट येतंय म्हणजे रस्त्यावरची फायबर, भिंतीवरचा डबा, राउटर, सगळं शाबूत आहे. आता संशय उरतो तो राउटर ते डेस्कटॉप या वायरवर आणि खुद्द डेस्कटॉपवर. निम्मं काम झालं, तेही खुर्चीतून न उठता.

आता डेस्कटॉपवर या. विंडोज असेल तर स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग टाइप करा. स्पेलिंग सांगतो, आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. सलग, मध्ये जागा नाही. एंटर दाबल्यावर बऱ्याच ओळी येतील, त्यातल्या दोनच बघायच्या. एक आयपीव्ही-फोर ॲड्रेसची आणि दुसरी डिफॉल्ट गेटवेची. पहिला तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता, दुसरा राउटरचा.

बहुतेक घरांत हा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. शेजारच्या घरातही तसाच असतो आणि त्याने काही बिघडत नाही, कारण १९९४ पासून हे आकडे घरच्या, ऑफिसच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. या जुन्या, म्हणजे आयपीव्ही-फोर पद्धतीचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगातल्या प्रत्येक फोनला आणि टीव्हीला स्वतंत्र पत्ता द्यायचा तर ते पुरायचे नाहीत. म्हणून मोठ्या सोसायटीत जसा बाहेर पत्ता एकच आणि आत फ्लॅट नंबर वेगवेगळे, तशी ही सोय. कुठलं पार्सल कुठल्या फ्लॅटचं, ते गेटवरचा राउटर लक्षात ठेवतो.

पण तुमच्या खिडकीत १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो कागदावर लिहून त्याला गोल करा. आजच्या भाषणातली कामाची गोष्ट हीच. राउटरकडून पत्ता मागितला, कोणी उत्तरच दिलं नाही, म्हणून कॉम्प्युटरने आपल्याआपण एक पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ. म्हणजे तो राउटरपर्यंत पोचलेलाच नाही. इंटरनेट ही तर पुढची गोष्ट. वायर दोन्ही टोकांना काढून टिक् असा आवाज येईपर्यंत घट्ट बसवा. राउटरचं दुसरं भोक वापरून बघा, मग दुसरी वायर लावून बघा. बऱ्याच घरांत प्रकरण इथेच मिटतं.

वायरीचं आणखी एक. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएस वेगाला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. त्याच्या वरच्या, म्हणजे गिगाबिट वेगाला निळी आणि तपकिरीही लागते. आता दाराच्या फटीत वायर दाबली गेली, किंवा माळ्यावर उंदराने चव घेतली आणि निळी तार तुटली, तर नेट बंद पडतंच असं नाही. गुपचूप १०० वर येतं. तुम्ही २०० चा प्लॅन घेतलाय, वाय-फायवर १८० दिसतात आणि वायरवर मात्र काही केल्या ९५ च्या वर जात नाही, असं असेल तर प्लॅन बदलू नका, वायर बदला.

आता पत्ता बरोबर आहे, तरी साइट उघडत नाही, असं धरू. त्याच काळ्या खिडकीत पिंग लिहा, पी, आय, एन, जी, एक जागा सोडा, आणि मघाशी बघितलेला गेटवेचा आकडा द्या. उत्तराच्या ओळी आल्या तर राउटरपर्यंत वाट मोकळी. मग पिंग ८.८.८.८ करा. हा गूगलचा सर्व्हर, घराबाहेरचा. इथूनही उत्तर आलं आणि तरी ब्राउझर हात वर करत असेल, तर इंटरनेट चालू आहे, फक्त साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा, डीएनएस, झोपलेली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हेच चार आठ टाकले की काम होतं. आणि जुन्या डेस्कटॉपवर खालच्या कोपऱ्यातलं घड्याळही बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्या साइट असुरक्षित असल्याच्या सूचना येतात. नेटचा तिथे काही दोष नसतो.

एका कॉम्प्युटरचं नेट दुसऱ्याला देण्याची सोय विंडोजमध्ये १९९९ पासून आहे, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. घरोघरी राउटर नव्हते त्या काळात सायबर कॅफे आणि छोटी ऑफिसं यावर चालली. आज ती कालबाह्य वाटते, पण फायबर न पोचलेल्या गावात फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉपमधून वायरने डेस्कटॉपला नेट द्यायचं, हा उद्योग अजून चालतो. चांगलाच चालतो. फक्त नेट देणारा लॅपटॉप झोपी गेला की घेणाऱ्याचंही नेट जातं, तेव्हा त्याची स्लीप बंद ठेवायची.

गडबड होते ती नंतर. असं शेअरिंग चालू केलं की लॅपटॉपच्या लॅन कार्डाला, म्हणजे वायर लागते त्या जागेला, १९२.१६८.१३७.१ हा पत्ता कायमचा चिकटतो, आणि लॅपटॉप स्वतःच इतरांना पत्ते वाटायला लागतो. मग समजा सुट्टीत भाचा हाच लॅपटॉप घेऊन मामाकडे पुण्याला आला आणि मामाच्या राउटरला त्याने वायर लावली. शेअरिंग बंद करायचं राहूनच गेलंय. आता त्या घरात पत्ते वाटणारे दोघे झाले, एक राउटर आणि एक भाचा. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो. टीव्ही चालतो, मामीचा फोन चालत नाही. तासाभराने फोन चालतो आणि प्रिंटर रुसतो. राउटर बंद-चालू करून पाहिला, केबलवाला येऊन गेला, कोणालाच काही सापडत नाही. सापडतं ते बंद पडलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग केल्यावर. १९२.१६८.१३७ दिसलं की राउटर सोडा, भाच्याला शोधा.

जुना राउटर फेकवत नाही म्हणून आतल्या खोलीत लावणारेही याच खड्ड्यात पडतात. लावा, जरूर लावा, पण आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा. मग त्याची वायर इंटरनेटच्या वेगळ्या रंगाच्या भोकात न लावता बाकीच्या लॅनच्या भोकांपैकी एकात लावा. दोन्ही खोल्यांतली मशीन एकाच नेटवर्कमध्ये राहतात.

आणि दोन्हीकडे नेट आहे, पण एका कॉम्प्युटरला दुसऱ्यावरचे फोटो दिसत नाहीत, ही तक्रार निराळी. दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत ना, ते आधी बघा. गेस्ट, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असलेल्या मशीनला घरातलं दुसरं काही दिसू नये अशीच सहसा योजना असते. मग विंडोजने तुमचं नेटवर्क पब्लिक धरलंय का ते बघा. धरलं असेल तर प्रायव्हेट करा. घरात तसं करायला हरकत नाही, स्टेशनवरच्या वाय-फायवर करू नका. पासवर्ड विचारला तर चार आकडी पिन चालत नाही, समोरच्या कॉम्प्युटरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो कोणालाच आठवत नाही, हे मला माहीत आहे.

राहिला केबलवाला. भिंतीवरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. घरात करण्यासारखं काही नाही; ती बारीक वायर कुठे दुमडली तर नाही एवढं बघा, ओढू मात्र नका. आणि फोनवर ‘नेट गेलंय’ म्हणू नका. ‘एलओएस लाल आहे’ म्हणा. समोरचा माणूस मग तुम्हाला राउटर बंद-चालू करायला सांगत बसणार नाही, थेट लाइनमन पाठवेल.

नमस्कार.