लाकडी पाठीची मायनर
(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: गाडीच्या मागच्या बाजूची लाकडी चौकट, अगदी जवळून. टोच्या धरलेला हात.]

टोच्याचे टोक लाकडात सहज शिरते आहे, आणि ते तसे शिरायला नको. सरकत्या काचेखालची ही आडवी पट्टी ॲश या झाडाच्या लाकडाची आहे. ती धड असती, तर टोच्या वरच्या वर अडला असता. इथे व्हार्निशचा पापुद्रा फुटताच आतून ओला, काळपट भुसा बाहेर येतो. पावसाचे पाणी काचेच्या खोबणीत उतरते, शेवाळाने वाट बुजली की तिथेच साचून राहते आणि वर्षानुवर्षे मुरत जाते. लाकूड आतून कुजते, बाहेरून मात्र गाडी देखणीच दिसत राहते.

ही १९६७ सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका लहानशा गॅरेजमध्ये तिच्या पुनर्बांधणीचे काम चालू आहे. पुढचा अर्धा भाग पोलादी पत्र्याचा, मागचा अर्धा लाकडी चौकटीत बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा, आणि सामान ठेवण्यासाठी मागे कपाटासारखी दोन दारे, अशी तिची रचना आहे. हे लाकूड शोभेसाठी लावले असावे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात मागच्या छपराचा, खिडक्यांचा आणि दारांचा भार हीच चौकट पेलते. म्हणूनच ब्रिटनमध्ये वाहनांच्या वार्षिक एमओटी तपासणीत हे लाकूड सांगाड्याचा भाग समजून तपासले जाते, आणि ते कुजलेले निघाले, तर गाडी नापास होते. सुताराच्या कामावर मोटारीचा निकाल ठरावा, असे भाग्य फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आले असेल.

[दृश्य: बॉनेटच्या मधोमध असलेली सपाट पट्टी. त्यावरून फिरणारे बोट.]

बॉनेटच्या मधोमध, पुढून मागेपर्यंत गेलेली ही सपाट पट्टी नीट पाहावी. मायनरचा पूर्वेतिहास या पट्टीत आहे.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच मॉरिस कंपनीत एका लहान कौटुंबिक मोटारीचा आराखडा आकार घेऊ लागला होता. त्याचे सांकेतिक नाव ‘मॉस्किटो’ असे होते, आणि तो करणारा अभियंता होता ॲलेक इसिगोनिस, ज्याचा जन्म स्मर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात, १९०६ साली झाला होता. पुढे १९५९ मध्ये आलेली मिनी हीदेखील त्याचीच निर्मिती. सामान्य कुटुंबाच्या स्वस्त गाडीनेही रस्ता घट्ट धरावा, वळणावर चालकाच्या हातात राहावे आणि आत बसणाऱ्यांना पाय मोकळे करता यावेत, एवढी त्याची अपेक्षा होती. पण त्या काळच्या स्वस्त मोटारींकडे पाहता ती थोडकी नव्हती. त्यासाठी त्याने चाके लहान, चौदा इंचांची घेतली आणि ती गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सरकवली, रॅक-अँड-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग बसवले आणि पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पिळाला विरोध करून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांबी दिल्या.

नमुना तयार झाला, उत्पादनाची वेळ जवळ आली, आणि मग इसिगोनिसला वाटू लागले की गाडी फार अरुंद दिसते. त्याने नमुन्याची गाडी उभी चिरवली, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून थोडेथोडे दूर सरकवून पाहिले आणि डोळ्यांना बरे वाटले, तिथे ते थांबवले. मध्ये चार इंचांचे अंतर पडले होते. बॉनेटवरची ही पट्टी म्हणजे त्या चार इंचांची खूण आहे. बंपर तर आधीच बनून तयार होते. त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधोमध कापून त्यांत जोडपट्टी घालावी लागली. अशा जोडाच्या बंपरची गाडी आज कुणाच्या हाती लागली, तर तो जोड चुकूनही काढू नये, कारण तिच्या अस्सलपणाचा तो एक पुरावा असतो.

कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी मुळीच रुचली नव्हती, आणि त्यांनी तिला ‘पोच्ड एग’ म्हणून हिणवले होते. तरीही ऑक्टोबर १९४८ मध्ये, युद्धानंतर लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे भरलेल्या पहिल्या मोटार प्रदर्शनात, मायनर लोकांसमोर आली. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील कारखान्यातून ती बाहेर पडू लागली आणि डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. त्या निमित्ताने सुमारे साडेतीनशे गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढण्यात आल्या, आणि त्यांच्यावरील ‘मायनर १०००’ या चिन्हात तीन शून्ये वाढवून ‘मायनर १००००००’ असे लिहिले गेले. सलून, म्हणजे बंद छपराच्या साध्या गाड्यांचे उत्पादन १९७० मध्ये आणि ट्रॅव्हलरचे १९७१ मध्ये थांबले, तोवर सर्व प्रकार मिळून सुमारे सोळा लाख गाड्या झाल्या होत्या.

मराठी प्रेक्षकाला या गाडीचा चेहरा थोडा ओळखीचा वाटेल, तो उगाच नाही. हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने भारतात विकली होती. आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली, अनेक दशके आपल्या टॅक्सी-स्टँडवर आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात उभी राहिलेली अँबॅसेडर ही तिच्याच घराण्यातील मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती होती.

[दृश्य: बॉनेट उघडे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालून काम करणारा मेस्त्री.]

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा का आहे, याचेही उत्तर त्या जुन्या आराखड्यातच सापडते. इसिगोनिसला इथे आडवे पसरलेले, चार सिलिंडरचे नवे इंजिन बसवायचे होते. ते कधी आलेच नाही, आणि १९४८ च्या गाडीला जुन्या मॉरिस एटचे ९१८ सीसीचे उभे इंजिन देऊन वेळ निभावण्यात आली. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एका छत्राखाली आल्यावर ऑस्टिनचे ८०३ सीसीचे ए-सीरिज इंजिन आले, १९५६ मध्ये ते ९४८ आणि १९६२ मध्ये १०९८ सीसीचे झाले. जागा मात्र पहिल्या स्वप्नाच्या मापाची राहिली, आणि त्याचा लाभ आज प्रत्येक मेस्त्रीला मिळतो. डायनामो, कार्बोरेटर, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पाण्याचा पंप, सारे उभ्याउभ्या हाताशी येते. साध्या पान्यांचा एक संच आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर ही गाडी घरी दुरुस्त करता येते, आणि आमच्या मते तिची खरी थोरवी इथेच आहे.

अपवाद एकच, आणि तो मोठा खट्याळ आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, गाडीच्या तळाच्या पोकळ पट्टीत दडवून ठेवलेला आहे, आणि त्याचे बोल्ट बाहेर काढायला टॉर्शन बार आडवा येतो.

[दृश्य: गाडी उंचावर. खालून दिसणारा पत्रा. ग्राइंडरच्या ठिणग्या.]

मायनरला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून गंज कुठे लागला आहे, या प्रश्नाला इथे जीवनमरणाचे महत्त्व येते. मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात, ते सडले तर नवे आणून लावता येतात. पण दाराखालच्या सिल, गाडीच्या मध्यावरून जाणारी आडवी तुळई, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या स्प्रिंगांचे पाटे जिथे टांगलेले असतात त्या खुंट्या, हे भाग गेले, तर गाडी मधून वाकू लागते. आता पडद्यावर दिसत असलेला तुकडा पूर्वीच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने लावलेला आहे. सडलेला पत्रा न कापता त्यावरच नवा पत्रा चिकटवला, वर पुट्टी भरली आणि काळा रंग मारून दिला. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहिली, आणि दोन्ही सडले. योग्य पद्धत अशी की चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचे, आतले जोडपत्रे आधी बसवायचे, दारे जागेवर लावून त्यांच्या फटी सारख्या आहेत ना हे पाहायचे, आणि मगच सिल वेल्ड करायची. दार न लावता सिल वेल्ड केली, तर पुढे दार कधीच नीट बसत नाही.

[दृश्य: पुढचे चाक काढलेले. ग्रीस गन.]

पुढच्या चाकाचा हा सांधा मेस्त्री वेळ देऊन तपासतो आहे. याला ट्रनियन म्हणतात. आटे पाडलेल्या पिनवर आटे पाडलेला ठोकळा फिरतो, आणि चाक वळते ते या आट्यांवर. निपलमधून ग्रीस नियमित भरले, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. न भरले, तर आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी वळण घेताना सांधा निखळून चाक मडगार्डखाली आडवे होते. मायनर घेणाऱ्याने रंग पाहण्यापूर्वी हे चाक जॅकवर उचलून, खालून पहार लावून, हलवून पाहावे.

[दृश्य: नव्या लाकडी चौकटी. छप्पर आधारांवर उचललेले.]

आता लाकडाकडे वळू. ॲशच्या तयार चौकटी आजही बनवून मिळतात, आणि त्यांचा खर्च हजारो पौंडांच्या घरात जातो. छप्पर आधारांवर तोलून धरायचे, जुनी चौकट बोल्ट सोडवून उतरवायची, आणि मग तिच्या आड दडलेल्या मागच्या चाकांच्या कमानी तपासायच्या. कारण लाकूड उतरल्याशिवाय तो पत्रा दिसतच नाही, आणि लाकडातली ओल त्यालाही सोडत नाही. नवी चौकट प्रथम कोरडी बसवून पाहतात. दारे, काचा आणि छपराची कड एकमेकांशी जुळली, की ती पुन्हा उतरवून सांध्यांना जलरोधक गोंद आणि आतल्या, नंतर कधीच न दिसणाऱ्या बाजूंनाही लेप देतात. हा लेप न दिसणारा म्हणूनच चुकवला जातो.

सुटे भाग मिळत राहिले, म्हणून हे सारे शक्य आहे, आणि ते आपोआप मिळत राहिलेले नाहीत. सत्तरच्या दशकात चार्ल्स वेअर यांनी इंग्लंडमधील बाथ शहरात मायनरसाठी खास केंद्र उभे केले आणि आग्रहाने मांडले की नवी गाडी घेत राहण्यापेक्षा जुनी टप्प्याटप्प्याने नवी करत वापरणे अधिक शहाणपणाचे आहे. त्यांच्याच पुढाकाराने पुढे श्रीलंकेत मायनरचे पत्र्याचे भाग बनू लागले, कारण मायनर तिथे रोजच्या वापरात होत्या आणि पत्रा हाताने घडवणारे कारागीरही तिथे होते. दुरुस्ती हा धंदा आहे आणि तो टिकवता येतो, हे वेअर यांनी दाखवून दिले. संग्रहालयात दोरीमागे उभ्या केलेल्या गाड्यांनी हे काम कधीच केले नसते.

पेट्रोलचा प्रश्न थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्यामुळे नळ्या बदलाव्या लागतात किंवा महागडे, कमी इथेनॉलचे पेट्रोल भरावे लागते. शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनाच्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीट, म्हणजे झडपांच्या बैठका, बसवून घेतात.

[दृश्य: टेबलावर कागद: पावत्या, नोंदणीपत्र, जुने फोटो.]

अशा गाडीची किंमत कशी ठरते? सलूनपेक्षा ट्रॅव्हलरला आणि उघडझाप छपराच्या गाडीला अधिक पैसे मिळतात, आणि बाजाराचा हा कल सलूनच्या मुळावर आला आहे. वेल्डिंगचे तास दोन्हींना सारखेच लागतात, विकताना मात्र सलूनचे पैसे निघत नाहीत. म्हणून ज्या साध्या, दोन दारांच्या गाडीतून ब्रिटनमधील कुटुंबे खरोखर फिरली, तीच आधी सुट्या भागांसाठी मोडली जाते किंवा छप्पर कापून ‘कन्व्हर्टिबल’ म्हणून उभी केली जाते. अशी कापलेली गाडी ओळखायची कशी, तर चेसिस क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली हे कळते, आणि गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून तसे प्रमाणपत्रही देते.

दुसरा पुरावा तपासणीच्या इतिहासाचा. २००५ नंतरचे एमओटी निकाल नोंदणी क्रमांक टाकून कुणालाही ऑनलाइन पाहता येतात: किती मैल झाले, गंजाबद्दल कधी ताकीद मिळाली, सारे त्यात असते. मे २०१८ पासून मात्र मोठे फेरफार न झालेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. मालकांना ही सवलत सुखाची वाटते. आम्हांला ती घातक वाटते, कारण तिच्यामुळे धोका वाढतो तो वेगळाच, पण गाडीची किंमत ज्यावर ठरावी तो कागदही तयार होणे थांबते. या ट्रॅव्हलरचे मालक सक्ती नसताना दरवर्षी तपासणी करून घेणार आहेत. रस्ताकरही अशा गाड्यांना माफ आहे.

विम्यासाठी ‘मान्य किंमत’ आधी ठरवून घ्यावी लागते; न घेतल्यास अपघातानंतर विमा कंपनी स्वतःच्या अंदाजाने बाजारभाव देते, आणि तो पावत्यांच्या बेरजेच्या जवळपासही येत नाही. मालक-संघटनांचे जाणकार गाडी किंवा तिचे फोटो पाहून मूल्यांकन करून देतात, आणि त्यांना चमकत्या रंगाच्या फोटोंपेक्षा खालच्या पत्र्याचे, कापलेल्या आणि जोडलेल्या अवस्थेतील फोटो अधिक उपयोगी पडतात. या गाडीचे सगळे फोटो तारखेनिशी लावून ठेवले आहेत. पुढचे ब्रेक मूळचे, ड्रमचेच ठेवावेत की मॉरिसच्याच मरिना या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क बसवाव्यात, याचा निर्णय मालकांनी अद्याप घेतलेला नाही. डिस्क बसवल्या, तर तो बदल विमा कंपनीला कळवावा लागेल आणि मान्य किमतीचा अर्ज पुन्हा भरावा लागेल.